न आलेल्यांना मोज

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अहवालात तुझ्या केंद्राचं गोवर लसीकरण १०४ टक्के आणि डोंगरापलीकडच्या वस्तीत गोवराची साथ. 'दोन्ही खरं कसं असेल, की माझंच काही चुकतंय?' असं विचारतेस. तुझं नाही चुकलेलं. शंभराच्या वर गेलेला आकडा बघून ज्यांनी तुला शाबासकी दिली, त्यांचं चुकलंय. भागात मुलं किती, हा आकडा जुन्या जनगणनेवरून अंदाजाने धरलेला, त्यात शेजारच्या भागातली पोरंही तुझ्याकडे टोचून गेलेली. भागाकाराला काय, त्यातून १०४ही निघतात.

न आलेल्यांना मोज. रजिस्टर फक्त आलेल्यांचं असतं.

मला हे कळायला फार उशीर झाला. आमच्याकडे गोवराच्या लशीची कुपी दहा डोसांची यायची. पावडर द्रावणात मिसळली की सहा तासांत वापरायची, उरेल ती फेकायची. वाया गेलेल्या डोसांचा जाब मला विचारला जायचा. न टोचलेल्या मुलाचा कधीच नाही. म्हणून मी नर्सला बजावून ठेवलं होतं, सहा मुलं जमल्याशिवाय कुपी फोडायची नाही. एका सोमवारी एक बाई आली. मूल पाठीला बांधलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्या दिवशी तिचं धरून दोनच मुलं. 'गुरुवारी या,' म्हणून परत पाठवली. गुरुवारी ती आली नाही, त्यानंतरही नाही. शोधणार कुठे? टोचलं तरच नाव लिहायचं, अशी आमची पद्धत. त्या महिन्यात आमची नासाडी सगळ्या केंद्रांत कमी होती आणि मी ते बैठकीत अभिमानाने सांगितलं.

तू म्हणशील, सरांचा नाइलाज होता. होताच! पुढचा साठा कधी येईल याचा भरवसा नव्हता, फ्रिज रॉकेलवर चालायचा आणि रॉकेल अर्ध्या महिन्यात संपायचं. हे सगळं खरं आहे, आणि गेली तीस वर्षं मी ते स्वतःला ऐकवतोय. पण त्या बाईचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला लस लागत नव्हती. पेन्सिल पुरली असती.

तू कुपी एका मुलासाठीही फोड. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. ओरडतील, ओरडू देत.

युगांडाने मार्च २००१मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढून टाकली, मोठ्या रुग्णालयांतले खासगी कक्ष तेवढे सोडून. बाह्यरुग्णांची गर्दी झपाट्याने वाढली. लोक त्या महिन्यात अचानक जास्त आजारी पडले का? ते आधीही आजारीच होते, घरात पडून. गर्दीपाठोपाठ औषधं अपुरी पडली, ते रडगाणं वेगळं. पण फीच्या दिवसांत रिकामा व्हरांडा बघून 'इथे मागणीच नाही' म्हणणारे सल्लागार मी पाहिलेत. एकदा मीही म्हणालोय.

राजीनामा देऊन सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायची म्हणतेस. घे की, कोण अडवतंय? पण तिथेही तुला आलेल्यांचेच आकडे देतील, फक्त तक्ते सुबक असतील. म्हणून आधी न आलेल्यांना मोज.

तीन डोसांच्या लशींचा पहिला डोस घेऊन तिसऱ्याला न फिरकलेल्यांची नावं तरी तुझ्याकडे आहेत. एकही डोस न मिळालेल्यांची नाहीत, सुरुवात तिथून. त्या वस्तीतल्या सुईणीकडे बस, या वर्षी किती बाळंतपणं केलीस विचार, एकेक घर आठवायला लाव, आणि ती नावं तुझ्या रजिस्टरशी जुळव. आईला 'का आली नाहीस' असं दरडावून विचारशील तर ती 'विसरले' म्हणेल. थोडं बसलीस तर खरं निघेल: नाल्याला पाणी होतं, नवरा नको म्हणाला, किंवा मागच्या वेळी तुझीच नर्स चारचौघांत अंगावर ओरडली होती.

तुझ्या चार पानी पत्रात केंद्राच्या फ्रिजचं तापमानसुद्धा आहे. सुईणीचं नाव नाही. अजून भेटलीच नाहीस ना तिला? भेट, मग लिही.

तुझा,
सर