मित्रांसमोर तो वेगळ्या भाषेत का बोलतो?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. आमची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. हल्ली शाळेच्या फाटकापाशी मी आमच्या भाषेत हाक मारली की तो हळूच म्हणतो, "आई, इथे असं नको ना बोलूस." मित्रांसमोर मला शाळेच्याच भाषेत उत्तर देतो. आजीशी फोनवर मात्र आमच्या भाषेत भरपूर गप्पा मारतो. त्याला आपल्या भाषेची लाज वाटते का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली आजीची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. भाषेचीच लाज वाटत असती, तर तो आजीशीही इतका मोकळेपणाने बहुधा बोलला नसता. तुमच्या मुलाचं तसं दिसत नाही. 'मी ह्यांच्यातलाच' हे तो फाटकापाशी मित्रांना सांगतोय.

मोठी माणसंही हेच करतात. नॉर्वेतल्या हेम्नेसबर्गेट गावाचा ब्लोम आणि गम्पर्झ या संशोधकांनी केलेला अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या कचेरीत लोक कारकुनाशी घरची ख्यालीखुशाली गावच्या बोलीत बोलायचे आणि कामाचं बोलणं निघालं की प्रमाण भाषेवर यायचे.

त्याच्या खेळाकडे जरा लक्ष द्या. खेळात 'बाई' झालेलं मूल शाळेच्या भाषेत दटावतं आणि गुडघा फुटला की घरच्या भाषेत रडतं. समोरच्या संघाला कळू नये म्हणून भावंडं घरच्या भाषेत डाव ठरवतात, तेव्हा तीच भाषा किती रुबाबात वापरतात! मला हे बघायला फार आवडतं.

फाटकापाशी हट्ट धरू नका. चारचौघांत "आपल्या भाषेत बोल" म्हटलंत, तर तो जास्तच अडून बसेल. पण घरी तुम्ही स्वतः भाषा सोडू नका, त्याने दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं तरीही. भाषेच्या अभ्यासक ॲनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी २००७ साली मांडली. त्यातल्या जवळपास चतुर्थांश घरांत मुलं घरातली, शाळेहून वेगळी असलेली भाषा बोलतच नव्हती. आईवडील दोघंही ती बोलत, तिथे मात्र ती टिकण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणून त्याच्या बाबांनाही यात घ्या.

शिवाय एकट्या आजीवर भिस्त ठेवू नका. आपली भाषा बोलणारा बरोबरीचा एखादा मित्र किंवा मावसभाऊ त्याला मिळायला हवा, म्हणजे ती भाषा फक्त मोठ्यांची राहणार नाही.

आणि शाळेत कुणी त्याच्या बोलण्याची टिंगल करतं का, हे मात्र आधी विचारा. तसं असेल, तर वर्गशिक्षिकेला लगेच भेटा.