भावाला स्किझोफ्रेनिया आहे, शिवाजीनगर कोर्टात मारहाणीची केस आहे. नव्या कायद्यात आजाराच्या फाईलवर सुटका होते का?

नाही, नुसत्या फाईलवर होत नाही. आयपीसीचं कलम ८४ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आलं, पण कसोटी तीच राहिली: मारहाण करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्याला आजारामुळे कळत नव्हतं का? (पहिल्या मसुद्यात ‘मानसिक आजार’ असा शब्द होता, अंतिम कायद्यात पुन्हा ‘मनोविकल’च आला. सुधारणा म्हणायची ती एवढी!) हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, मात्र १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शक्यतेचं पारडं जड दिसलं तरी पुरतं. म्हणून कालपरवाचं सर्टिफिकेट नको. घटनेच्या आधी-नंतरच्या आठवड्यांतले ओपीडीचे केस पेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या, तारखा दिसतील अशा, वकिलांकडे द्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयात उपचार झाले असतील तर तिथल्या नोंदींची नक्कल मागा.

आज भावाला खटला समजत नसेल, तर तो मुद्दा वेगळा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३६७-३६८ खाली कोर्ट तपासणी करून खटला पुढे ढकलू शकतं. रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक उपचारांची हमी देत असतील, तर कलम ३६९ खाली जामीन मिळतो, गुन्हा अजामीनपात्र असला तरी.

एक मात्र ध्यानात ठेवा: कलम २२ वर निर्दोष सुटला तरी तो थेट घरी येईलच असं नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं किंवा हमीवर तुमच्याकडे सोपवू शकतं.