एचआरला व्हॉट्सॲप केला म्हणजे तक्रार झाली नाही, ताई

नागपूरच्या मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून पत्र आलंय. सात वर्षं टेस्टिंगमध्ये, टीम लीडसाठी नंबर यांचाच होता, मॅनेजर रात्री-बेरात्री मेसेज टाकायचा, शेवटचा 9 ऑगस्टला, की लीडचं माझ्या हातात आहे, तू जरा मला वेळ देत जा. यांनी दिला नाही, ऑगस्टातच एचआरच्या मॅडमना व्हॉट्सॲप केला. डिसेंबरात लीड झाला एक ज्युनियर पोरगा. आता विचारतात, प्रमोशनसाठी केस टाकता येईल का. अशी पत्रं मला सारखी येतात, फक्त कंपनी बदलते.

ताई, प्रमोशन राहू द्या बाजूला, आधी कॅलेंडर काढा. 2013च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याचं कलम 9 सांगतं की शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी कंपनीतच नेमलेल्या समितीकडे, गेली पाहिजे. तुमचे तीन महिने 9 नोव्हेंबरलाच संपले. काहून थांबलात बाप्पा? समितीला कारण पटलं तर ती लेखी नोंद करून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. म्हणजे 9 फेब्रुवारी, आणि मी हे लिहितोय 20 जानेवारीला.

तुम्ही म्हणाल प्रमोशन तर डिसेंबरात नाकारलं, तिथून मोजू. मोजू नका. सप्टेंबर 2025मध्ये सुप्रीम कोर्टासमोर कोलकात्याच्या विधी विद्यापीठातलं असंच प्रकरण होतं, शेवटची घटना एप्रिल 2023ची, तक्रार डिसेंबरची, आणि मधल्या काळात पदावरून काढलं हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे असं बाईंचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं नाही, तक्रार मुदतीबाहेर गेली. तुमचं अप्रेझल, म्हणजे कामाचा रिपोर्ट, त्याच माणसाने एकट्याने लिहिलं असेल तर वाद घालता येईल, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

आता एचआरच्या मॅडमचं उत्तर, "अप्रेझल होऊ दे मग बघू". ऑगस्टचा तुमचा मेसेज तक्रार म्हणून बिनकामाचा, कारण एचआर म्हणजे समिती नाही. पण उशीर का झाला याला यापेक्षा चांगला कागद मी तरी मागितला नसता. तक्रारीत पहिल्याच पानावर तो स्क्रीनशॉट लावा, तारीख दिसली पाहिजे. तक्रारीच्या सहा प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते, पोच घ्या, वर ईमेलही टाका. कंपनीत समितीच नसेल किंवा तक्रार मालकावरच असेल तर सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसात स्थानिक समितीची, म्हणजे याच कायद्याखालच्या जिल्ह्याच्या समितीची, चौकशी करा, तिथेही मुदत हीच.

त्याच तक्रारीत, या कायद्याच्या नियमांतल्या नियम 8 खाली मागा की चौकशी चालू असेपर्यंत हा मॅनेजर तुमच्या कामाचा रिपोर्ट लिहिणार नाही, दुसऱ्याने लिहावा. पुढच्या अप्रेझलसाठी खरं कामाचं हेच आहे आणि हेच कोणी मागत नाही. लेबर कोर्टाचं म्हणाल तर टीम लीडच्या उंबरठ्यावरची बाई "कामगार" आहे की नाही यावरच तारखा पडत राहतील, तोवर तुमचे ज्युनियर मॅनेजर होतील. तो रस्ता बंद नाही, पण आज नको.

आणि मॅनेजरचा 9 ऑगस्टचा मेसेज चिडून डिलीट केला नाही ना? नसेल तर फोन बदलू नका, रिपेरिंगलाही देऊ नका, आधी सगळ्याच्या प्रिंट काढून आईकडे ठेवा.