अमेरिकेतल्या शाळेचं रेटिंग किती मनावर घ्यायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. यांच्या कंपनीने अमेरिकेला पाठवायचं नक्की केलंय, मुलगी तिकडे नववीत बसेल. भाड्याचं घर शोधतोय तर दोन पब्लिक म्हणजे सरकारी हायस्कूल समोर आहेत. एकाला दहापैकी नऊ रेटिंग आहे पण त्या भागातलं भाडं झेपत नाही. दुसऱ्याला पाच. दुसरीत निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाची) आणि ब्लॅक आहेत, फ्री लंचवाली मुलंही खूप दिसतात. सगळे सांगतायत तिथे घालू नका, पोरगी मागे पडेल. खरंच पडेल का? – एक आई

उत्तर : तुमची काळजी अगदी कळतेय, कारण मुलाच्या वेळी मीही रात्र रात्र हेच आकडे बघत बसले होते. पण तो नऊचा आणि पाचचा आकडा कशातून येतो ते आधी बघा. त्यात मोठा वाटा असतो राज्याच्या परीक्षेत किती टक्के मुलं पास झाली याचा, आणि परीक्षेतले मार्क शाळेइतकेच, बरेचदा शाळेपेक्षा जास्त, घरावर ठरतात. आईवडील किती शिकलेत, पैसा किती, घर दरवर्षी बदलावं लागतं का. हे काही आजचं नाही, १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सरकारसाठी सुमारे ६ लाख मुलांची पाहणी केली तेव्हाच दिसलं होतं की मार्कांमधला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो.

आता एक हिशोब मांडते, कागद घेऊन सोबत करा. समजा दोन्ही शाळांत १०० मुलं आहेत. पहिलीत ९० बऱ्या घरची, त्यातली ७२ पास, आणि १० गरीब घरची, त्यातली ३ पास. एकूण ७५ टक्के. दुसरीत ४० बऱ्या घरची, त्यातली ३४ पास, आणि ६० गरीब घरची, त्यातली ३० पास. एकूण ६४ टक्के. रेटिंगमध्ये पहिली शाळा पुढे. पण बऱ्या घरची मुलं पहिलीत ८० टक्के पास होतात आणि दुसरीत ८५, गरीब घरची पहिलीत ३० टक्के आणि दुसरीत ५०. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मुलांना दुसरीच शाळा जास्त चांगलं शिकवतेय, फक्त तिच्याकडे गरीब मुलं जास्त आहेत म्हणून ती खाली दिसते! तुमच्या दोन शाळांचं असंच असेल असं मी म्हणत नाहीये, पण एकूण टक्क्यावरून ते कळणारच नाही.

कळायचा रस्ता आहे. २०१५ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याला शाळांचं रिपोर्ट कार्ड काढावं लागतं आणि त्यात निकाल गटागटाने द्यावा लागतो, वंशाप्रमाणे, गरीब घरच्या मुलांचा वेगळा, इंग्लिश शिकत असलेल्यांचा वेगळा, दिव्यांग मुलांचा वेगळा. गट अगदीच छोटा असेल तर मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात. ते कार्ड राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर असतं, घरं विकणाऱ्यांच्या साइटवर नाही, तेच उघडा. आणि आणखी एक, या कायद्याने गणित आणि वाचनाची परीक्षा तिसरी ते आठवी दरवर्षी असते पण हायस्कूलच्या चार वर्षांत एकदाच सक्तीची, त्यामुळे हायस्कूलचा पासचा टक्का कधीकधी एकाच इयत्तेच्या एकाच परीक्षेवर उभा असतो.

फ्री लंचचा आकडाही जपून वाचा. गरिबीरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, हा मूळ नियम. पण गरीब वस्तीतल्या शाळांना फॉर्म न भरून घेता सगळ्याच मुलांना फुकट जेवण देता येतं, आणि त्यासाठी किमान ४० टक्के मुलं सरकारी मदत घेणाऱ्या घरांतली वगैरे असायची जी अट होती ती २०२३ मध्ये २५ वर आणली. म्हणून एखाद्या शाळेपुढे १०० टक्के फ्री लंच दिसलं तर सगळी मुलं गरीब आहेत असं समजू नका.

आता जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. पत्रात मुलांच्या मार्कांबद्दल काही नाही, त्यांचा रंग मात्र तुम्ही लिहिलाय. शेजारच्या बाकावर कोण बसतं यावरून तुमची लेक मागे पडणार नाही, तिला अवघड गणिताच्या वर्गात बसू दिलं नाही तर पडेल. म्हणून दुसऱ्या शाळेच्या कौन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला, सरळ विचारा, एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचे कोर्स किती आहेत, ते कोणत्या मुलांना मिळतात, परीक्षेत पाचपैकी तीन किंवा जास्त किती जणांना पडतात. वर्षाचे साधारण १८० दिवस धरले तर १८ किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती तेही विचारा, मला हा आकडा रेटिंगपेक्षा खूप बोलका वाटतो. आणि एका कौन्सेलरकडे किती मुलं? त्यांच्याच संघटनेची शिफारस २५० ची आहे. आम्ही रेटिंग बघून महागडं घर घेतलं आणि त्या शाळेत कौन्सेलरची भेट मिळायला तीन आठवडे लागायचे, तोवर विषय निवडायची मुदत संपून गेली. मुलाचं एक वर्ष गणितात वाया गेलं, ते मला अजून खुपतं.

माझं मत विचाराल तर गटांचे निकाल ठीक असतील आणि वरचे कोर्स तुमच्या मुलीला उघडे असतील तर पाचवाली शाळा घ्या, भाड्याची ओढाताण करून नऊच्या मागे जाऊ नका.

प्रश्न : शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली तर मुलाला इंग्लिश शिकणाऱ्यांच्या वर्गात टाकतात म्हणे. इंग्लिश लिहू का? – एक बाबा

उत्तर : मराठीच लिहा. त्यावरून फक्त एक चाचणी होते, इंग्लिश चांगलं असेल तर तिथेच विषय संपतो. नसेल तर वर्षाच्या सुरुवातीला ३० दिवसांत तुम्हाला कळवतात आणि त्या खास वर्गांना तुम्ही नाही म्हणू शकता. रिपोर्ट कार्डवर या गटाचा निकाल कमी दिसतो म्हणून घाबरू नका, ज्यांचं इंग्लिश पक्कं होतं ती मुलं गटातून बाहेर पडतात आणि नवी येतात, मग निकाल वर जाणार कसा? मदतीची गरज असताना इंग्लिश लिहून टाकलं तर मात्र इतिहास आणि सायन्सचे धडे पोराला एकट्याने झेलावे लागतील.