कोणतं गणित जास्त अवघड, हे इंग्रजीत सांगताना

सुरुवातीला तीनच साचे पक्के करा, बाकीचे नंतर.

१. जास्त अवघड: ‘क्यू टू इज हार्डर दॅन क्यू वन.’ (क्यू म्हणजे क्वेश्चन, प्रश्न.)
२. सारखंच अवघड: ‘अ‍ॅज हार्ड अ‍ॅज’. मधे ‘हार्डर’ घालू नका.
३. तितकं अवघड नाही: ‘नॉट अ‍ॅज हार्ड अ‍ॅज’. ‘लेस हार्ड’पेक्षा हे कानाला बरं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्यात होतो. मराठीत ‘पेक्षा’ लावलं की काम भागतं, ‘अवघड’ बदलत नाही. त्या सवयीने ‘हार्ड दॅन’ तोंडात येतं. इंग्रजीत विशेषणही बदलावं लागतं. मग दुसरं टोक, ‘मोर हार्डर’. हेही चूक, कारण ‘मोर’चं काम ‘अर’ने आधीच केलेलं असतं. हार्ड, टफ, ईझी या छोट्या शब्दांना ‘अर’ (ईझीचं ईझिअर), डिफिकल्टसारख्या लांब शब्दाआधी ‘मोर’.

‘खूपच जास्त अवघड’ म्हणायला ‘व्हेरी हार्डर’ नाही, ‘मच हार्डर’. थोडंसंच असेल तर ‘अ बिट हार्डर’.

आणि ‘हार्डली’पासून लांब राहा! त्याचा अर्थ ‘जेमतेम’, अवघडपणाशी संबंध नाही.

‘द हार्डेस्ट’ (सगळ्यात अवघड) पुढच्या आठवड्यात घ्या.