अँटिबायोटिकमुळे इम्युनोथेरपी फसली, असा दावा टिकेल का?

प्रश्न (एक वाचक, डिचोली): वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग होता. इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराच्या) पहिल्या डोसाआधी महिन्याभरात ताप-खोकल्यासाठी गावच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले; ते संपल्यावर फार्मसीवाल्याने चिठ्ठी न पाहताच सेफिक्झिम हे अँटिबायोटिक दिले. उपचार लागू पडले नाहीत आणि सात महिन्यांनी वडील वारले. त्यालाही आता दीड वर्ष झाले. अँटिबायोटिकमुळे इम्युनोथेरपी निष्प्रभ होते, असे हल्लीच वाचले. दोघांवर दावा करता येईल का?

उत्तर: आपण वाचले ते निराधार नाही. इम्युनोथेरपीच्या आधीच्या 30 दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी भरल्याचे 2018 पासूनच्या अनेक अभ्यासांत दिसले असून, आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मारले गेल्याने प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मंदावतो, असे त्याचे संभाव्य कारण सांगितले जाते. मात्र हे अभ्यास बहुतांशी जुन्या नोंदी तपासून केलेले आहेत. ज्याला अँटिबायोटिक द्यावे लागते तो रुग्ण मुळातच अधिक खालावलेला असू शकतो, आणि अँटिबायोटिकला हातही न लावलेल्या कित्येकांनासुद्धा इम्युनोथेरपी लागू पडत नाही. उलटतपासणीत आपल्या तज्ज्ञाला या दोन मुद्द्यांवरच घेरले जाईल.

डॉक्टरांविरुद्धचा दावा म्हणूनच मला कच्चा वाटतो. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी अशी की, त्या परिस्थितीत त्या व्यवसायातील सामान्य कुशल माणूस जे करील ते डॉक्टरने केले असल्यास, परिणाम वाईट झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात न्यूमोनिया अंगावर काढणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे संसर्गाची लक्षणे असताना अँटिबायोटिक दिले, याला चूक म्हणणे कठीण आहे. केसपेपरवर तपासणीची नोंदच नसेल, किंवा इम्युनोथेरपी ठरल्याचे सांगूनही त्यांनी कर्करोगतज्ज्ञाला विचारले नसेल, तर विचार वेगळा करावा लागेल. कागद आधी मिळवा: लेखी अर्ज देऊन पोच घ्या, 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार नोंदी 72 तासांत देणे बंधनकारक आहे.

फार्मसीची गोष्ट निराळी. सेफिक्झिम औषध नियमांच्या एच-1 अनुसूचीत (कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत) असल्याने ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव व औषधाचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही 3 वर्षे जपावी लागते. या मुदतीतली दोन वर्षे उलटून गेली आहेत, म्हणून बिलाची प्रत जोडून गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे याच आठवड्यात तक्रार द्या. त्यातून परवान्यावर कारवाई होऊ शकते, भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाल तेव्हाही त्या गोळ्यांमुळेच उपचार फसले हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावरच राहील. चिठ्ठीविना विक्री शाबीत झाली तरी ते आपोआप उतरत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 खाली तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे. मृत्यूपासून मोजल्यास आपल्या हाती सहा महिने उरतात. औषध दिल्यापासून मोजल्यास ती संपलेली आहे, आणि समोरची बाजू तसेच मोजणार. त्यामुळे तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा, मात्र "हल्लीच वाचले" या एका कारणावर विसंबू नका. वारस म्हणून आपल्याला तक्रार करता येते, तरी आईंनाही तक्रारदार करावे. फार्मसीला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने तिच्याविरुद्धच्या तक्रारीला शुल्क पडणार नाही. खरा खर्च तज्ज्ञाच्या अहवालाचा असेल, आणि तो हाती येईपर्यंत डॉक्टरांना नोटीस धाडू नये.