आई-बाबा चीनला येताहेत, तर...

सूझौहून एका ताईंनी विचारलंय: आई-बाबा दोन महिन्यांसाठी येणार आहेत, दोघंही शाकाहारी. आम्ही दिवसभर कामावर, मग ते घरात कोंडले जातील का?

ताई, तिथे माणूस भाषेपेक्षा फोनमुळे जास्त अडतो. भाजी, टॅक्सी, मेट्रो, सगळं क्यूआर कोडवर चालतं. त्यासाठी वीचॅट किंवा अलिपे ही पैसे देण्याची चिनी अ‍ॅप्स लागतात. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे घरून तयारी करून येणं अवघड. ते आले की २४ तासांत पोलिसांकडे नोंदणी करा आणि लगेच बाबांच्या शेजारी बसून त्यांच्याच पासपोर्टवर या अ‍ॅपचं खातं उघडा, त्यांचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बँक कार्ड जोडा. मग खालच्या दुकानातून दूध त्यांनाच आणू द्या. पैसे दर वेळी तुम्हीच दिलेत, तर ते जिन्याखाली उतरायलाही तुमची वाट बघतील.

त्यांचं भारतातलं सिम काढू नका. आंतरराष्ट्रीय रोमिंगवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कारण डेटा भारतीय कंपनीच्या जाळ्यातून जातो. घरच्या वायफायवर मात्र अडेल, कारण चीनमध्ये ते बंद आहे. आईला रोज मावशीशी बोलता आलं पाहिजे, म्हणून रोमिंगच्या खर्चात काटकसर नको.

खाण्याच्या बाबतीत ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. साधी पालेभाजीही डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वरून ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. मापो टोफूत, म्हणजे सोयाच्या पनीरच्या तिखट भाजीत, बहुतेक वेळा खिमा असतो. काय काय चालत नाही ते चिनी लिपीत लिहून बाबांच्या खिशात ठेवा, मागच्या बाजूला घरचा पत्ता. बौद्ध पद्धतीच्या उपाहारगृहांत कांदा-लसूणही नसतो, तिथे आई निर्धास्त जेवेल. नळाचं पाणी मात्र उकळूनच प्यायचं. बाहेर गरम पाणी मागितलं की मिळतं, रेल्वेच्या डब्यातसुद्धा.

गुडघे दुखत असतील तर बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत उकिडवं बसावं लागतं हे आधीच सांगा. कागदही सोबत हवा.

आणि कृपा करून त्यांना ‘एकटे जाऊ नका’ म्हणू नका. तिथे नातवंडांना शाळेतून आणायला कितीतरी आजी-आजोबाच येतात. सकाळी बागेत ‘ताई-ची’ हा संथ चिनी व्यायाम, संध्याकाळी चौकात गाणी लावून बायकांचा नाच. तुमची आई साडी नेसून दोन-तीन दिवस कडेला उभी राहिली, की कुणीतरी हात धरून ओळीत घेईल. यासाठी चिनी यावी लागत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते: आई-बाबांना तिथे स्वतःची ओळखीची माणसं मिळणं.

बीजिंगला जाणार असाल तर एक दिवस श-ज्याच्वांग शहरासाठी राखा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. श-ज्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासाच्या आत पोहोचता. तिकीट पासपोर्टवरच निघतं, स्टेशनवरही तोच दाखवावा लागतो, तेव्हा दोघांचे पासपोर्ट बाबांकडेच असू द्या.